काचेच्या पेटीनंतरचे पाच आठवडे

आमच्या ग्वाल्हेरच्या मराठी घरांतून दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाबद्दल अजूनही ‘काचेच्या पेटीत ठेवलंय’ असेच सांगतात, आणि ते घरी आले की ‘पेटीतून काढलं’ म्हणून सगळे निःश्वास टाकतात. नवजात शिशूंच्या विभागात परिचारिका म्हणून मी २९ वर्षे काम केले. त्या सर्व वर्षांत माझीही समजूत याहून फार वेगळी नव्हती; बाळ आईच्या हाती देऊन, कागदावर तिची सही घेऊन आम्ही पुढच्या बाळाकडे वळत असू. निवृत्तीनंतर शहरातल्या लष्कर नावाच्या भागातल्या ओळखीच्या घरांतून बोलावणी येऊ लागली, मी जाऊ लागले, आणि तेव्हा कळले की ज्या दिवशी बाळ पेटीतून निघते त्या दिवशी त्याच्या शुश्रूषेचा दुसरा आणि तितकाच नाजूक भाग सुरू होतो, आणि त्या भागाची जबाबदारी आपल्याकडे बहुधा कोणाचीच नसते.

गेल्या हिवाळ्यात ज्या बाळाकडे मी जात होते त्याच्याविषयी, घरच्यांच्या संमतीने पण नावे न देता, लिहिते आहे. ३१ आठवडे पूर्ण झाले असताना, डिसेंबरच्या मध्यावर त्याचा जन्म झाला आणि तेव्हा त्याचे वजन १३८० ग्रॅम होते. ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेले बाळ अपुऱ्या दिवसांचे मानतात, आणि दीड किलोच्या आतले वजन ‘अतिशय कमी’ या वर्गात मोडते. घरातल्या वडीलधाऱ्यांनी मात्र ‘सातव्या महिन्याचं जगतं, आठव्याचं जगत नाही’ हे ऐकीव वाक्य आईला धीर देण्यासाठी सांगितले होते. ते वाक्य मी जिथे ऐकते तिथे खोडून काढते, कारण पोटात मिळालेला प्रत्येक जादा आठवडा बाळाच्या फुप्फुसांना, मेंदूला आणि आतड्यांना उपयोगीच पडतो. हे बाळ २६ दिवस रुग्णालयात राहून १६४० ग्रॅम वजनाने घरी आले, आणि त्याच संध्याकाळी आजींचा फोन आला, “सिस्टर, एकदा येऊन बघून जाल का? सूनबाई आल्यापासून नुसती बसून आहे, आज रात्री झोपेल असं दिसत नाही.”

घर एका जुन्या गोठीतले होते. गोठ म्हणजे मराठा सरदार आणि त्यांची माणसे जिथे वसली त्या लष्करातल्या वस्त्या. चिटणीसांची गोठ, निंबाळकरांची गोठ अशी नावे आजही टिकून आहेत. जाड दगडी भिंती आणि वर दगडाच्याच पाट्या असलेली ही घरे मे महिन्यातल्या ४५ अंशांच्या उन्हात सुखाची वाटतात, परंतु जानेवारीत रात्रीचा पारा पाच अंशांच्या आसपास उतरतो तेव्हा त्याच भिंती दिवसभर गारवा धरून ठेवतात. बाळ-बाळंतिणीची खोली गल्लीच्या बाजूची होती, पलंग खिडकीला टेकलेला होता आणि पलंगाखाली कोळशाची शेगडी धुमसत होती. बाळ दुलईत इतके गुंडाळलेले होते की चेहरा शोधावा लागला. मी हात चोळून गरम केले आणि तळहाताची मागची बाजू आधी त्याच्या पोटाला, मग पावलांना लावली. पोट कोमट होते, पावले गार होती. काखेत तापमापक ठेवला तर ३६.१ अंश सेल्सियस. साडेछत्तीस ते साडेसदतीस हे योग्य तापमान. त्याखाली गेले की बाळ थंडीशी झगडू लागते, आणि ३६ च्याही खाली गेले तर तो धोक्याचा प्रदेश असतो.

दुलई उब निर्माण करत नाही, असलेली उब फक्त राखते, ही गोष्ट आपल्या चटकन लक्षात येत नाही. दिवस भरलेल्या बाळाच्या खांद्यांमध्ये आणि मानेभोवती विशिष्ट प्रकारची चरबी असते, ती जाळून ते स्वतःपुरती उष्णता तयार करते. ही चरबी गर्भारपणाच्या शेवटच्या आठवड्यांत साठते, म्हणून अपुऱ्या दिवसांच्या बाळाजवळ ती फारच थोडी असते. त्यातून त्याची त्वचा पातळ, आणि वजनाच्या मानाने अंगाचा पृष्ठभाग मोठा. अशा बाळाला गार कपड्यांत गुंडाळले तर आतही ते गारच राहते. मी शेगडी अंगणात ठेवायला सांगितली, कारण बंद खोलीत कोळसा जळत राहिला की कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो, आणि उत्तरेकडच्या हिवाळ्यात दरवर्षी माणसे त्याने झोपेतच दगावतात. मग पलंग आतल्या, खिडकी नसलेल्या भिंतीकडे सरकवला, बाळाच्या अंगावर फक्त लंगोट, टोपी आणि पायमोजे ठेवून त्याला आईच्या उघड्या छातीवर उभे, मान एका बाजूला वळवून ठेवले आणि दोघांना मिळून एक शाल बांधली. तासाभराने तापमान ३६.७ झाले. आजी तापमापकाकडे आणि सूनबाईकडे आळीपाळीने पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, “म्हणजे हिचंच अंग ही शेगडी होय!” मी २९ वर्षांत या पद्धतीचे इतके नेमके वर्णन कोणाकडून ऐकले नव्हते.

या पद्धतीला कांगारू मातृसेवा म्हणतात आणि रुग्णालयात ती सूनबाईंना शिकवलेली होती. तिथे आरामखुर्ची होती, उबदार खोली होती, शेजारी परिचारिका उभी होती. घरी खुर्ची नाही, खोली गार, सासरे आणि दीर येता-जाता, आणि पदर उघडून बसायचे कुठे हा प्रश्न. म्हणून घरी आल्यापासून तिने बाळ छातीशी धरलेच नव्हते. ही अडचण रुग्णालयातल्या कोणाला तिने सांगितली नव्हती आणि तिला कोणी विचारलेही नव्हते. घरात पाऊल टाकल्याशिवाय ती दिसलीही नसती. आम्ही दाराला जाड पडदा लावला, भिंतीशी दोन लोड रचून टेकायची जागा केली, आणि सासऱ्यांनी आपणहून बैठकीच्या खोलीत मुक्काम हलवला.

त्यानंतर मी रुग्णालयाचे कागद मागितले, ते नेहमीच मागते. एका प्लास्टिकच्या पिशवीत तपासण्यांचे अहवाल, पावत्या आणि घरी सोडतानाचा कागद एकत्र होते. त्या कागदावर अगदी शेवटच्या ओळीत, इंग्रजी आद्याक्षरांत, डोळ्यांच्या पडद्याच्या तपासणीची तारीख होती आणि ती तारीख दोनच दिवसांवर आली होती. घरात त्याविषयी कोणालाच माहिती नव्हती. बाळाच्या डोळ्यांत दोष दिसत नाही, ते दिव्याकडे बघते, मग डोळे कशाला दाखवायचे, असे बाळाच्या वडिलांनी मला विचारलेदेखील, आणि त्यांचा प्रश्न रास्तच होता.

डोळ्याच्या मागच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या गर्भारपणाच्या अखेरीपर्यंत वाढत असतात. बाळ लवकर जन्मले की ही वाढ अर्धवट राहते, आणि पुढे काही बाळांत त्या वाहिन्या वेड्यावाकड्या वाढून पडदा ओढून सोडवतात. बाहेरून डोळा अगदी स्वच्छ दिसतो. २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या किंवा ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या प्रत्येक बाळाची ही तपासणी आपल्या देशात जन्मापासून चार आठवड्यांच्या आत व्हावी, आणि फारच लहान बाळांची त्याहूनही आधी, असा नियम आहे. वेळेवर सापडले तर लेझरने किंवा इंजेक्शनने दृष्टी वाचवता येते, उशीर झाला तर फारसे काही करता येत नाही. माझ्या नोकरीच्या काळात एक आई आपल्या चार महिन्यांच्या मुलाला घेऊन परत आली होती. तो आवाजाकडे वळत असे, चेहऱ्याकडे मात्र पाहत नसे. आमच्याच कोणीतरी घरी जाताना दिलेल्या कागदावर त्याचीही तारीख लिहिलेली होती. ती बाई लिहायला-वाचायला शिकलेली नव्हती आणि तो कागद तिने देवघरात जपून ठेवला होता. त्या मुलाचा चेहरा मला अजून आठवतो, आणि म्हणून पहिल्या भेटीत बाळाला हात लावून झाला की मी कागद पाहते.

त्या तारखेला आम्ही बाळाला नेत्रतज्ज्ञांकडे नेले. रक्तवाहिन्या अजून अपुऱ्या आहेत, दोन आठवड्यांनी पुन्हा या, असे सांगितले गेले. दोन आठवड्यांनी गेलो, त्यानंतरही गेलो.

कांगारू पद्धतीचा उगम कोलंबिया देशातल्या बोगोटा शहरातला. १९७८ साली तिथल्या मोठ्या प्रसूतिरुग्णालयात डॉ. एद्गार रे सानाब्रिया यांच्यापुढे पेट्या कमी, बाळे जास्त आणि जंतुसंसर्ग अनावर अशी परिस्थिती होती. एका पेटीत एकाहून अधिक बाळे ठेवावी लागत. तेव्हा त्यांनी स्थिरावलेली बाळे आईच्या छातीशी बांधायला सुरुवात केली. ही कथा आमच्या प्रशिक्षणात नेहमी सांगितली जात असे. तिचा एक भाग मात्र घाईने सांगितला जाई. मूळ पद्धतीचे तीन पाय होते: त्वचेला त्वचा लावून धरणे, आईचे दूध, आणि लवकर घरी सोडून त्यानंतर बाळावर बारकाईने लक्ष ठेवणे. आपण पहिले दोन उचलले. तिसऱ्यातले ‘लवकर घरी सोडणे’ आपल्याला सोयीचे होते, कारण खाटा कमी आहेत. त्याच वाक्यातले ‘त्यानंतर लक्ष ठेवणे’ आपण बहुतेक ठिकाणी आईवर सोडून दिले. माझ्या मते सगळी अडचण इथेच आहे. ब्रिटनमध्ये अनेक नवजात विभागांना जोडलेल्या परिचारिकांच्या फिरत्या तुकड्या असतात. नाकातून पोटात गेलेल्या नळीने दूध घेणारी बाळेही त्यांच्या भरवशावर घरी जाऊ शकतात, आणि नळी बदलण्यापासून वजन करण्यापर्यंतची कामे त्या घरी येऊन करतात.

आपल्याकडे हे जमणार नाही, असे कोणी म्हणाले तर मला गडचिरोलीची आठवण करून द्यावीशी वाटते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९० च्या दशकात तिथल्या ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवले. श्वास मोजणे, वजन करणे, बाळाला उबदार ठेवणे, जंतुसंसर्ग ओळखून उपचार सुरू करणे हे सारे त्या करत. तिसऱ्या वर्षी त्या गावांतले नवजात मृत्यूंचे प्रमाण, तुलनेसाठी निवडलेल्या गावांशी ताडून पाहता, ६२ टक्क्यांनी उतरलेले दिसले आणि १९९९ मध्ये ते निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. पुढे २०११ पासून देशभरात आशा कार्यकर्तींच्या घरभेटी सुरू झाल्या त्या याच पायावर. रुग्णालयातल्या बाळंतपणानंतर तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा अशा सहा दिवशी आशाने घरी जायचे असते, आणि त्या साऱ्या भेटी मिळून तिला २५० रुपये मिळावेत असे ठरले. ज्या बाईने एका जिवाकडे सहा वेळा चालत जायचे तिच्या कामाचे मोल आपण इतके लावले, हे लिहिताना मला संकोच वाटतो.

हरियाणात अलीकडे झालेला अभ्यास तर थेट घरातल्या कांगारू पद्धतीचाच होता. १५०० ते २२५० ग्रॅम वजनाच्या आठ हजारांहून अधिक बाळांच्या या अभ्यासात, ज्यांच्या आयांना घरी जाऊन ही पद्धत शिकवली आणि आधार दिला त्या बाळांचे पहिल्या महिन्यातले मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले, असे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२२ च्या आपल्या शिफारशींत प्रशिक्षित कार्यकर्त्यांच्या घरभेटी स्पष्ट शब्दांत सांगितल्या आहेत आणि बाळ दिवसाला ८ ते २४ तास छातीशी असावे असे म्हटले आहे.

लष्करातल्या मध्यमवर्गीय मराठी घरांची अडचण आणखी निराळी आहे. खाजगी रुग्णालयात बाळंतपण झाले की आशाच्या यादीत नाव कधी येते, कधी येत नाही, आणि आली तरी ‘आमच्याकडे डॉक्टर आहेत’ म्हणून तिला दारातूनच परत पाठवल्याचे मी पाहिले आहे. या घरातही तसेच घडले होते. दुसऱ्या भेटीच्या वेळी मी आजींना सांगून तिला बोलावून घेतले. तिच्या पिशवीत झोळीचा वजनकाटा, तापमापक, घड्याळ आणि बॅटरी होती, आणि श्वास मोजताना ती पूर्ण एक मिनिट मोजत होती. अपुऱ्या दिवसांचे बाळ काही क्षण भराभर श्वास घेते, मग थांबते, मग पुन्हा घेते. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणले की आकडा चुकतो. ही गोष्ट शिकून आलेल्या काही नव्या परिचारिकांनाही मला सांगावी लागत असे.

घरी आल्यानंतर पाचव्या दिवशी बाळाचे वजन १६३० भरले. १६४० वर आले होते, मधे १६५५ झाले, आणि आता खाली. या वजनाच्या बाळाने दर किलोमागे रोज १५ ते २० ग्रॅम, म्हणजे दिवसाला निदान २५ ग्रॅम तरी वाढायला हवे. मी कारण शोधू लागले. दूध पुरेसे होते, आईचे हात स्वच्छ होते, लघवी ठीक होती. मग आजी कौतुकाने म्हणाल्या, “फार गुणी बाळ आहे हो, रात्री अकराला निजतं ते पाचलाच उठतं, रडायचं नाव नाही.” दिवस भरलेल्या बाळाबद्दल ऐकले असते तर मलाही आनंद झाला असता. अपुऱ्या दिवसांचे बाळ भुकेने रडत नाही, कारण रडायलाही शक्ती लागते. ते अधिकाधिक झोपत जाते, आणि झोपले म्हणून त्याला कमी पाजले जाते, आणि कमी पाजले म्हणून ते आणखी झोपते. शांत बाळाची स्तुती होताना मला भीती वाटते ती यामुळेच.

चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे या तिघांचा मेळ साधारण ३४ आठवड्यांच्या सुमारास बसू लागतो. आमचे बाळ तेव्हा ३५ च्या उंबरठ्यावर होते, म्हणजे अंगावर पिऊ शकत होते, पण दहा मिनिटांत दमत होते. उरलेले दूध त्याला काढून पाजायचे ठरले. आजींनी माळ्यावरच्या ट्रंकेतून चांदीचे बोंडले काढले, ज्याने त्यांच्या मुलाला म्हणजे बाळाच्या बापाला दूध पाजले होते. मला मनापासून आनंद झाला. बाटलीचे बूच नीट साफ होत नाही आणि तिची सवय लागली की बाळ अंगावर प्यायला कुरकुरते. बोंडल्याचे निमुळते टोक ओठाच्या कोपऱ्याला लावून थेंब थेंब सोडता येतो, आणि उकळून घेणे सोपे. रुग्णालयात आम्ही नेमके तसेच भांडे वापरतो. बाळ मांडीवर जवळजवळ बसते करून, गिळलेले पाहून मगच पुढचा थेंब द्यायचा, तोंडात ओतायचे नाही, हे मी दाखवले आणि नंतर माझे हात मांडीवर ठेवून नुसती पाहत बसले. आईने स्वतः केले तरच उद्याच्या रात्री दोन वाजता ते तिला जमणार होते.

दर दोन तासांनी पाजायचे, रात्री गजर लावून उठवायचे, उठत नसेल तर तळपायावर हलकेच बोट फिरवायचे, लंगोट बदलायचा. एवढे एकट्या आईने करणे अशक्य होते, म्हणून वेळा वाटून घेतल्या. रात्री अकरा ते दोन बाळ वडिलांच्या छातीवर, पहाटे चार ते सात आजींच्या. ‘पुरुषाच्या छातीवर बाळ?’ असा प्रश्न शेजारून आला, त्याला आजींनीच उत्तर दिले की उब बाईची की पुरुषाची हे बाळाला कळत नाही. वजन आणि उब यांचा संबंधही मी एकदा हिशेबाच्या भाषेत समजावला होता, की गार पडलेले बाळ प्यालेले दूध अंग तापवण्यातच खर्च करते आणि वाढीसाठी शिल्लक काही राहत नाही. बाळाचे वडील दाल बाजारात दुकानाचे हिशेब लिहितात, त्यांना ते लगेच पटले. पुढच्या भेटीत वजन १६८५ होते. त्यांनी बाळाच्या वजनाच्या वहीत तो आकडा लाल शाईने लिहिला.

औषधांविषयी एक गोष्ट इथे सांगून टाकते, कारण ती घराघरांत चुकते. ड जीवनसत्त्वाचे थेंब रोज ४०० एककांचे द्यायचे असतात, परंतु बाजारात एका मिलिलिटरमध्ये ४०० एकके असलेली बाटली मिळते तशी ८००ची पण मिळते, आणि दुकानदार एक नसली की दुसरी देतो. लोहाच्या थेंबांचेही तसेच. म्हणून बाटली बदलली की मात्रा पुन्हा विचारायची, आणि पहिल्या बाटलीचा ड्रॉपर दुसरीला लावायचा नाही. लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच द्यायच्या, बाळ लहान आहे म्हणून पुढे ढकलायच्या नाहीत.

मकरसंक्रांत मधेच आली. बाळाला घरी येऊन चारच दिवस झाले होते आणि आजींना हळदीकुंकू करायचे होते, शिवाय पहिलीच संक्रांत म्हणून बोरन्हाण आणि हलव्याचे दागिने. मी नको म्हणाले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला आणि मला फार वाईट वाटले, कारण महिनाभर त्या घराने आनंदाचा एकही प्रसंग पाहिला नव्हता. शेवटी हळदीकुंकू खाली बैठकीत झाले, वर कोणी गेले नाही, सर्दी-खोकला असलेल्या बायकांनी आपणहून घरीच राहावे असा निरोप गेला, आणि बोरन्हाण पुढच्या संक्रांतीवर राहिले. हलव्याचा एक छोटा मुकुट आजींनी बाळाजवळ न नेता नुसता दाराच्या चौकटीला बांधला. तो तिथे महिनाभर होता.

रूढींशी सरसकट भांडण करावे असे मला कधी वाटले नाही. ओवा, वावडिंग आणि बाळंतशेपांची धुरी मी बंद करवली, कारण अशा बाळाच्या फुप्फुसांना कोणताही धूर सोसत नाही. काजळ, मध आणि गुटीही थांबवली. अळीव आणि डिंकाचे लाडू, बाळंतविडा, आईच्या कमरेचा शेक हे सगळे राहू दिले. मालीशवाली बाई जुनी, चाळीस वर्षे लष्करात हेच काम करणारी. तिला काढून टाकावे असे घरातल्या तरुण माणसांचे म्हणणे होते. मी तिला शेजारी बसवून घेतले. दोन किलो होईपर्यंत अंघोळ नाही, नुसते ओल्या फडक्याने पुसायचे. त्यानंतर खोबरेल तेल कोमट करून, दाब न देता, नाका-कानात थेंबही न टाकता, दहा मिनिटांत आटोपायचे, हे तिने ऐकून घेतले. मग तिने मला विचारले की बाळाच्या बरगड्यांखाली श्वास घेताना खड्डा पडतो तो वाईट का. तिने तसे खड्डे अनेक घरांत पाहिले होते आणि कोणाला विचारावे हे तिला माहीत नव्हते. त्या दिवशी मी तिला धोक्याची लक्षणे एकेक करून सांगितली: मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त श्वास, छातीखालचा खड्डा, कण्हणे, २० सेकंद श्वास थांबणे, ओठ निळे, तळहात-तळपाय पिवळे, पोट फुगून हिरवी उलटी, पाजायला घेतले तरी न उठणारे बाळ. यातले एक जरी दिसले तरी सकाळची वाट पाहायची नाही.

त्या गल्लीत रुग्णवाहिका शिरत नाही. म्हणून १०८ ला फोन कोणी करायचा, बाळाला छातीशी बांधून कोणत्या कोपऱ्यापर्यंत कोणी चालत जायचे, कागदांची पिशवी कुठे टांगलेली असेल, हे सगळे आम्ही एका संध्याकाळी ठरवून प्रत्यक्ष चालून पाहिले. सुदैवाने तशी वेळ आली नाही.

सूनबाईंची झोप हा शेवटपर्यंत राहिलेला प्रश्न होता. रुग्णालयात बाळाच्या पायाला यंत्राची तार असे आणि काही बिघडले की आवाज होई. घरी तो आवाज नाही, म्हणून ती स्वतःच यंत्र होऊन बसली होती. एकदा ती मला म्हणाली, “मावशी, माझं शरीर दोन महिने आणखी धरू शकलं नाही, आता निदान डोळे तरी मिटायला नकोत.” मी त्यावर काही समजावले नाही. बाळ तिच्याकडून माझ्याकडे घेतले, पदराखाली बांधले, आणि ती दोन तास झोपली तोवर तिथेच बसून राहिले. पुढच्या काही भेटी माझ्या मनाने बाळापेक्षा तिच्यासाठीच होत्या. घरात शेजारच्या दोन महिन्यांच्या गुबगुबीत बाळाशी तुलना सुरू झाली तेव्हा मी वहीच्या मुखपृष्ठावर आमच्या बाळाच्या जन्माची मूळ अपेक्षित तारीख मोठ्या अक्षरांत लिहून टाकली. मान धरणे, हसणे, बसणे हे सगळे दोन वर्षांपर्यंत त्या तारखेपासून मोजायचे.

ती तारीख फेब्रुवारीच्या मध्यावर आली. त्या दिवशी वजन २६४० ग्रॅम भरले, नेत्रतज्ज्ञांनी पडद्याच्या वाहिन्या पूर्ण वाढल्याचे सांगितले, आणि कानांची तपासणी ठीक निघाली. पाच आठवड्यांत मी एकूण १४ वेळा त्या घरी गेले होते.

मार्चमध्ये मी ज्या रुग्णालयातून हे बाळ आले तिथे एक अर्ज दिला. घरी सोडतानाच्या कागदासोबत आणखी एक पान द्यावे, हिंदीत आणि मोठ्या अक्षरांत, ज्याच्यावर पहिल्या ओळीत डोळ्यांच्या तपासणीची तारीख असेल, दुसऱ्या ओळीत घरी कोण भेट देणार तिचे नाव आणि फोन, आणि तिसऱ्या ओळीत कोणते लक्षण दिसल्यास तत्काळ परत यायचे ते; आणि ज्या वस्तीत बाळ जाणार तिथल्या आशाला त्याच दिवशी कळवले जावे, एवढेच त्यात लिहिले आहे. नमुन्यासाठी मी माझ्या हाताने लिहिलेले एक पान जोडले. दोनदा जाऊन आले, अर्ज वर पाठवला आहे असे सांगण्यात आले. सोमवारी पुन्हा जाणार आहे, आणि या वेळी आजी बाळाची ती वही घेऊन माझ्याबरोबर येते म्हणाल्या आहेत.